मुलुंड पूर्व: घर लहान, भाडं जास्त, तरीही आम्ही इथेच का आलो

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही पाच जण सोलापूरहून मुंबईत आलो आणि मुलुंड पूर्वेला भाड्याने राहू लागलो. नवऱ्याची बदली फोर्टातल्या ऑफिसात झाली होती. माझ्या कंपनीचं ऑफिस नवी मुंबईत, ऐरोलीला. सोबत सासूबाई, नववीत जाणारी मुलगी आणि दुसरीतला मुलगा. सोलापूर, लातूर, धाराशिवकडची ओळखीची मंडळी अजून फोन करून विचारतात, मुंबईत कुठे घर बघू? प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगितलं जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

मुंबईत घर शोधताना लोक कमावत्या माणसाच्या ऑफिसपासून मोजायला सुरुवात करतात. आम्ही घरात सगळ्यांत कमी चालू शकणाऱ्या माणसापासून मोजलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगा सात वर्षांचा. नवरा दिवसातून एकदा जाणार आणि एकदा येणार, तो प्रवास कसाही निभावेल. पण दूध, भाजी, शाळा, क्लास, डॉक्टर, देऊळ, टेलर ही कामं दिवसातून दहा वेळा निघतात, आणि ती घरातल्या उरलेल्यांनाच करावी लागतात. ती सगळी चालत झाली पाहिजेत, आणि स्टेशनही चालत गाठता आलं पाहिजे. एवढी एक अट धरली आणि बघायच्या जागांची यादी भराभर लहान झाली.

पहिली डोंबिवली बघितली, कारण नणंद तिथे राहते. डोंबिवलीबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ साली तिथेच सुरू झाली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर अख्खं गाव नटूनथटून उतरतं, ते एकदा तरी बघावंच. बाजार भरलेला, माणसं आपली, भाडं मुलुंडच्या निम्म्यावर. आम्हाला स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर टू बीएचके वीस-बावीस हजारांत मिळत होता. गाडी अडली ती लोकलवर. डोंबिवली ते सीएसएमटी, म्हणजे फोर्टाजवळचं स्टेशन, ४८ किलोमीटर. सकाळी आठच्या सुमाराला मी आणि नवरा मुद्दाम प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहिलो. एकामागून एक फास्ट लोकल आल्या आणि प्रत्येकीच्या दारात माणसं लोंबकळत होती. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाली होती आणि एजंट सांगत होता की आता गर्दी सुटेल. रोज दारात उभा राहणारा माणूस माझ्या घरातला असणार होता, म्हणून मी नको म्हटलं. पुढे ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. त्या दिवशी नणंदेला फोन लागेपर्यंत आमच्या घरात कुणी घास उचलला नाही.

मग ठाणे. खरं सांगायचं तर माझा जीव नौपाड्यात अडकला होता. गडकरी रंगायतन, तलावपाळी, १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय, सगळं चालत. पण नौपाड्यातलं भाडं मुलुंडइतकंच, कुठे कुठे जास्त. एजंट आम्हाला घोडबंदर रोडकडे वळवत राहिला. तिथले टॉवर देखणे: पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, बाग, आणि मुलुंडच्या दीड पट घर. एका टॉवरच्या वॉचमनला नवऱ्याने खाली उभं राहून विचारलं, टँकर येतात का? तो म्हणाला, उन्हाळ्यात रोज येतात. सोलापूरच्या माणसाला हे एक वाक्य पुरे. आमच्याकडे नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं, आयुष्य पिंप भरण्यात गेलंय. मुंबईत येऊन पुन्हा पाण्याच्या टँकरची वाट बघायची मला इच्छा नव्हती. शिवाय घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीकडून ठाणे स्टेशन आठ-दहा किलोमीटर. आधी रिक्षा किंवा बस, तिच्यात ट्रॅफिक, मग लोकल. मेट्रो ४ चे खांब तेव्हा उभे राहत होते आणि भाडं मात्र मेट्रो धावत असल्यासारखं सांगितलं जात होतं. पुढे होणाऱ्या रस्त्यासाठी किंवा मेट्रोसाठी आजचं भाडं कुणीही भरू नये. ११ महिन्यांच्या करारात ती मेट्रो तुमच्या वाट्याला येईलच असं नाही.

खारघर एका रविवारी बघितलं. रुंद रस्ते, डोंगर, मोकळी हवा. ज्यांचं काम नवी मुंबईत आहे त्यांनी तिथेच जावं. फोर्टात रोज जाणाऱ्यासाठी हार्बरचा प्रवास फार लांबतो. बोरिवली बघितलीच नाही. मला ऐरोलीला जायचं होतं, तिथून रोज शहर आडवं ओलांडायला लागलं असतं.

मुलुंड हे मध्य रेल्वेवर मुंबई महापालिकेच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन, पुढचं ठाणे. पूर्व आणि पश्चिम या दोन बाजू इतक्या वेगळ्या आहेत की "मुलुंडला घर बघतोय" एवढ्याने काहीच कळत नाही. पश्चिमेला स्टेशनपासून पाच रस्त्याकडे जाणारे सरळ, समांतर रस्ते, मोठा बाजार, सराफ, साड्यांची दुकानं, कालिदास नाट्यगृह, त्याला लागून क्रीडासंकुल. डोंगराच्या बाजूला, नॅशनल पार्कच्या पायथ्याशी योगी हिल्स आणि मुलुंड कॉलनी. बिल्डिंगा जास्त नव्या, भाडी जास्त चढी. तिथल्या एका सोसायटीत घर दाखवण्याआधीच आम्हाला विचारलं गेलं, नॉनव्हेज खाता का? खातो म्हटल्यावर किल्लीच आली नाही. आम्ही आठवड्यातून एकदा मटण करतो, तेही दार बंद करून, आमच्या स्वयंपाकघरात. भाडेकरूच्या ताटात काय असावं हे सोसायटीने ठरवणं मला अजिबात मान्य नाही, आणि हे मी प्रत्येक ठिकाणी स्पष्ट बोलते. सगळ्या सोसायट्या अशा नाहीत. पण घर बघायला जाण्याआधीच फोनवर हा प्रश्न तुम्हीच विचारून टाका, अर्धा दिवस वाचेल.

पूर्वेला गव्हाणपाडा, नवघर रोड, मिठागर रोड, म्हाडा कॉलनी, टाटा कॉलनी, ९० फूट रस्ता. चार मजली जुन्या बिल्डिंगा, खाली किराणा, पिठाची गिरणी, पोळी-भाजी केंद्र, आणि मधूनच उठलेला एखादा नवा टॉवर. स्टेशनच्या बाहेरच भाजी मिळते. मासे घेऊन कोळणी बसतात. फार आखीवरेखीव नाही, पण सगळं हाताशी आहे. आम्ही स्टेशनपासून दहा मिनिटांवरचा जुन्या बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. नावाला टू बीएचके. दुसरी खोली इतकी लहान की कपाट ठेवल्यावर पलंग भिंतीला टेकवावा लागला. सोलापूरचं आमचं अंगण या सगळ्या घराएवढं आहे. सासूबाई पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत, फक्त तुळस कुठे ठेवायची एवढंच विचारलं. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली.

लिफ्ट आहे का हे आम्ही आधीच बघून घेतलं होतं, तुम्हीही बघा. पूर्वेच्या अनेक जुन्या बिल्डिंगांना लिफ्ट नाही.

भाड्याचं सांगते. तेव्हा टू बीएचकेला आम्हाला अडतीस ते पंचेचाळीस हजार सांगत होते, आता त्याहून बरंच वर गेलंय. त्यावर डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचं भाडं, आणि लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची नोंदणी. नोंदणी टाळू या, नुसत्या स्टॅम्पपेपरवर सही करू या, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. आता लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, काम तासाभरात होतं. गॅस कनेक्शन, शाळेचा प्रवेश, आधारवरचा पत्ता, सगळीकडे हाच कागद मागतात.

पाणी महापालिकेचं. भातसा, तानसा, वैतरणा या शहापूर-मोखाड्याकडच्या धरणांतून ते येतं. आमच्या बिल्डिंगला रोज ठरल्या वेळी येतं आणि गच्चीवरची टाकी भरते. सासूबाई कितीतरी महिने तरीही सकाळी उठून पातेली, कळशा, बादल्या भरून ठेवत होत्या. २०२४ च्या जूनमध्ये धरणं आटल्यावर १० टक्के कपात झाली. शेजारणी काळजीत होत्या आणि सासूबाई त्यांना पाणी जपून वापरायच्या पद्धती शिकवत होत्या. त्या आठवड्यात त्यांच्या अर्ध्या मजल्याशी ओळखी झाल्या.

विजेची गंमत अशी की मुंबईच्या बहुतेक उपनगरांत अदानी किंवा टाटाची वीज आहे, पण मुलुंड-भांडुपला महावितरण. सोलापूरचं बिल आणि इथलं बिल मी एकाच ॲपवर भरते. वीज क्वचित जाते, पावसाच्या पहिल्या सरीला मात्र हमखास.

शाळेच्या बाबतीत मुलीसाठी आम्ही राज्य मंडळच धरून ठेवलं. नववीत गाव बदलायचं, मैत्रिणी सुटायच्या, त्यात बोर्डही बदललं असतं तर पोरीवर फार भार आला असता. बालभारतीची पुस्तकं तीच, दहावीची परीक्षा तीच. तरी पहिली सहामाही तिला जड गेली. वर्गातल्या मुली तिच्या बोलण्यातल्या सोलापुरी हेलावरून चिडवायच्या. घराजवळच्या क्लासमध्ये मराठी शाळेतून आलेल्या दोन मैत्रिणी मिळाल्या, मग ती सावरली. आज ती मिठागर रोडवरच्या वझे-केळकर कॉलेजात बारावीला आहे, चालत जाते, चालत येते. १९८४ पासूनचं हे कॉलेज आहे आणि इथल्या मुलांना अकरावीसाठी दादर-माटुंग्याला जावंच लागत नाही. घर निवडताना आम्ही हेही मोजलं होतं. मुलाची शाळा घरापासून इतकी जवळ की डबा विसरला तर सासूबाई नेऊन देतात. एक सूचना: घर ठरवण्याआधी शाळेत जागा आहे का ते बघा. एप्रिल-मेपर्यंत नावाजलेल्या शाळांचे वरचे वर्ग भरलेले असतात. आम्ही दाखला हातात घेऊन शाळा फिरलो, आणि शाळेने होकार दिल्यानंतरच घरमालकाला टोकन दिलं.

आता प्रवास, कारण मुंबईत तो टळत नाही. ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल मुलुंडला येते तेव्हा खिडक्या गेलेल्या असतात, पण थोडं लवकर निघालं तर तिघांच्या बाकावर कडेची चौथी सीट मिळते, आणि घाटकोपरला उतरणारे उतरले की नीट टेकता येतं. सीएसएमटीपर्यंत साधारण तास. काही फास्ट लोकलही मुलुंडला थांबतात, पण नवरा स्लोच पकडतो आणि पेपर वाचत जातो. परत येताना "ठाणे स्लो" बघून चढायचं. कल्याण-कसाऱ्याच्या फास्टमध्ये मुलुंडच्या माणसाने चढू नये. ती मुलुंडला थांबलीच नाही तर ठाण्याहून मागे यावं लागतं, आणि थांबली तरी दारापर्यंत पोचता येईल याची खात्री नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्या दिवशी कुठे लग्न असेल तर आधी वेळापत्रक बघायचं. जोराच्या पावसात कुर्ला-सायनला रुळांवर पाणी साचलं की मुलुंडकरही अडकतात, त्यातून कुणाची सुटका नाही.

मला ऐरोलीला जायला पुलावरून बस आहे. बसला उशीर झाला तर ठाण्याला एक स्टेशन मागे जाऊन ट्रान्स-हार्बर पकडते, दिघा गावानंतरचं स्टेशन ऐरोली. ठाणे खाडी ओलांडणाऱ्या या पुलावर डिसेंबर ते मे फ्लेमिंगो दिसतात. मुलाला मी पहिल्यांदा तिथेच दाखवले. आमच्याकडे उजनीवर येणारे पक्षी बघायला आम्ही भिगवणला जायचो, इथे ते ऑफिसच्या वाटेवर आहेत. स्वतःची गाडी असेल तर आणखी एक सोय झालीय: ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल बंद झाला, त्यात मुलुंडचे दोन आणि ऐरोलीचा एक. सोलापूरला जायला वंदे भारत किंवा सिद्धेश्वर एक्स्प्रेस दादरला किंवा कल्याणला मिळते. आम्ही सामान असलं की कल्याणलाच जातो, जिने आणि गर्दी दादरपेक्षा सोसवते.

सासूबाईंबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण घर बदलताना म्हाताऱ्या माणसांचा विचार सगळ्यांत शेवटी होतो. त्या बासष्ट वर्षं सोलापुरात राहिल्या. इथे आल्यावर त्यांनी पहिला महिना घराबाहेर पाऊल टाकलं नाही. मग समोरच्या काकूंनी त्यांना चिंतामणराव देशमुख उद्यानात नेलं. संध्याकाळी तिथे बायकांचा मोठा घोळका असतो. त्यातून भजनी मंडळ, मंडळातून हरिपाठ, आषाढीला छोटी दिंडी. आता त्या गुरुवारी घरी सापडत नाहीत. पश्चिमेच्या महाराष्ट्र सेवा संघातून पुस्तकं आणायला रेल्वेचा पूल ओलांडावा लागतो, तो त्यांना झेपत नाही, म्हणून मी आणते. एकदा रात्री त्यांना चक्कर आली. पालिकेचं सावरकर रुग्णालय पूर्वेलाच आहे, मोठं खासगी हवं तर लिंक रोडवर फोर्टिस. रिक्षाने पाच-दहा मिनिटांत डॉक्टरसमोर बसता येतं, ही गोष्ट मला घराच्या चौरस फुटांपेक्षा मोलाची वाटते.

त्रास काय आहेत तेही सांगते. मिठागरं आणि खाडी जवळ असल्यामुळे डास भरपूर, जाळ्या लावल्याशिवाय राहता येत नाही. हरिओम नगरच्या बाजूचं डम्पिंग ग्राउंड ऑक्टोबर २०१८ मध्ये नव्या कचऱ्यासाठी बंद झालं आणि जुना कचरा उपसायचं काम चालू आहे. तरी पावसाळ्यात वारा फिरला की त्या भागात वास येतो. तिथे घर बघायला जाल तेव्हा जुलैत जा. संध्याकाळी स्टेशनबाहेर रिक्षा, फेरीवाले, दुचाक्या आणि बस यांची कोंडी होते, मुलाचा हात सोडायची हिंमत होत नाही. शिवाय मिठागरांच्या जमिनीवर धारावीच्या पुनर्वसनाची घरं बांधायचा सरकारचा विचार आहे, त्याविरुद्ध इथे सभा आणि मोर्चे झाले. बाहेरून माणसं येण्याला माझा विरोध नाही, आम्हीही बाहेरूनच आलो. पण मिठागरं पावसाचं पाणी शोषून घेतात. तिथे टॉवर उभे राहिले तर ते पाणी गव्हाणपाड्यात शिरेल का, आणि याच एका स्टेशनवर आणखी किती माणसं मावतील, या प्रश्नांची उत्तरं मला अजून कुठे वाचायला मिळालेली नाहीत.

सगळ्यांत मोठा त्रास रिडेव्हलपमेंटचा. पूर्वेची जवळजवळ प्रत्येक जुनी बिल्डिंग आज ना उद्या पडणार आहे. गल्लीत कायम एक तरी बिल्डिंग पाडलेली, एक बांधली जात असलेली. धूळ, ड्रिलचा आवाज, मिक्सरच्या गाड्या. मालकांना बिल्डर भाडं देतो, मोठं घर देतो, त्यांचं भलं होतं. भाडेकरूला फक्त नोटीस मिळते. म्हणून घर बघताना एजंटला विचारू नका, सोसायटीच्या ऑफिसात किंवा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा: विकासक नेमला का, करारावर सह्या झाल्या का, बिल्डिंग कधी रिकामी करायची आहे? इस्त्रीवाल्याला सगळ्या बिल्डिंगांची खबर असते, कारण त्याची गिऱ्हाइकं हलणार असतात.

ज्यांचं ऑफिस अंधेरी-मालाडला आहे त्यांनी मुलुंड घेऊ नये. गोरेगाव-मुलुंड लिंक रोडचे बोगदे व्हायचे आहेत, तोवर तो प्रवास माणसाला पिळून काढतो. ज्यांना मोठं घर, पार्किंग आणि शांतता हवी त्यांनीही इथे येऊ नये. आणि ज्यांच्या पगारातून चाळीस-पन्नास हजार भाडं जाऊन महिना ओढाताणीत जाईल, त्यांनी डोंबिवलीच बघावी, पण स्टेशनच्या जवळची आणि ऑफिसची वेळ थोडी मागेपुढे करून.

आमच्या बिल्डिंगच्या सोसायटीने आता विकासक नेमलाय. मुलीची बारावी संपेपर्यंत तरी हलायला लागणार नाही, असं घरमालक काकांनी सांगितलंय. पुढचं घर बघायला सुरुवात केली आहे. नाहूर आणि भांडुप पूर्व स्वस्त पडतंय, नवरा तिकडे झुकतोय. सासूबाईंनी मात्र एकच अट घातली आहे, घर उद्यानापासून चालत असलं पाहिजे, आणि मी त्यांच्या बाजूने आहे. नवघर रोडवर एक वन बीएचके आहे, आताच्या घरापेक्षाही लहान. रविवारी जाऊन पाण्याची वेळ विचारून येणार आहोत.